पोथी कोणाच्या हाती द्यावी?

लखनौच्या मानक नगरात वास्तव्य करणाऱ्या मराठी रेल्वे अधिकाऱ्यांस ‘कसोटी’ या शब्दाचा अर्थ निराळा सांगावयास नको. १९५७ साली स्थापन झालेल्या रेल्वेच्या अनुसंधान, अभिकल्प व मानक संघटनेची ही वसाहत. रूळ, पूल, डबे आणि इंजिने यांची परीक्षा पाहणे हा येथील नित्याचा व्यवसाय होय. परंतु याच मंडळींपैकी कोणी फावल्या वेळात अद्भुतकथांचे अथवा विज्ञानकथांचे हस्तलिखित सिद्ध केले, तर एखाद्या लहान प्रकाशनसंस्थेचे गोड पत्र येताच ते तिच्या स्वाधीन करण्याचा मोह त्यास आवरत नाही. वास्तविक, छापखाना कसा पारखावा याचे धडे लखनौच्या इतिहासातच मिळतात.

पहिला धडा असा की संस्थेचा लहानपणा हा तिचा दोष नव्हे. १८५८ साली, बंडाने उद्ध्वस्त झालेल्या लखनौत मुन्शी नवलकिशोर यांनी छापखाना घातला, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. गाठीला होता तो लाहोरच्या ‘कोहिनूर’ छापखान्यातील अनुभव. सरकारी छपाईच्या कामांनी त्यांचा जम बसला आणि पाहता पाहता हिंदुस्थानातील अग्रगण्य प्रकाशनगृहांत त्यांची गणना होऊ लागली. १८६३ साली मिर्झा गालिब यांचा फारसी काव्यसंग्रह याच छापखान्याने प्रसिद्ध केला.

गालिब त्यापूर्वी एकदा चांगलेच पोळले होते. १८६१ मध्ये त्यांचा उर्दू दीवान दिल्लीच्या अहमदी छापखान्यात छापला गेला. त्या काळी उर्दू ग्रंथ शिळाछापावर निघत. कातिब मजकूर लिहून काढी व तोच शिळेवर उतरे. त्यामुळे कातिबाचा हात चुकला की सारी आवृत्ती चुके. गालिबांनी पाने तपासून दिली होती. तरीही चुका जशाच्या तशा राहिल्या. अखेर त्यांनी छापील प्रत स्वहस्ते शुद्ध केली आणि १८६२ साली कानपूरच्या निजामी छापखान्यातून दीवान पुन्हा काढविला. मानक नगरचे स्थानक ज्या लोहमार्गावर आहे, त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाचे हे कानपूर! तात्पर्य, प्रकाशकाच्या आश्वासनापेक्षा त्याने आधी छापलेले पुस्तक हाती घेऊन पाहावे. शुद्धलेखन, कागद, बांधणी आणि मुद्रितशोधन यांची साक्ष तेच देते.

तथापि लखनौची खरी कथा आहे ती ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ची. जादूची नगरे, वेष पालटणारे अय्यार आणि मायावी सम्राट यांनी गजबजलेली ही दास्तान नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून १८९३ पर्यंत खंडशः प्रसिद्ध केली. अमीर हमजाच्या दास्तानांची जी मालिका या छापखान्याने काढली, तिचे एकंदर सेहेचाळीस खंड झाले. अद्भुत साहित्यामागे एवढे भांडवल आणि एवढा धीर उभा करणारा प्रकाशक विरळाच. परंतु होशरुबाचे पहिले चार खंड लिहिणारे मुहंमद हुसेन जाह यांचे छापखान्याशी बिनसले आणि पुढील खंड अहमद हुसेन कमर यांनी लिहून पुरे केले. जाह यांनी पाचवा खंड अन्यत्र काढण्याचा यत्न केला. पण तो तडीस गेला नाही. ज्याने मायानगरी उभारली, त्याच्याच हातून तिच्या किल्ल्या गेल्या. छपाई उत्तम, खप उत्तम, आणि तरीही लेखक दाराबाहेर, असेही घडू शकते.

प्रकाशकाजवळ त्या जातीच्या साहित्याचा वाचक आहे की नाही, हेही पाहिले पाहिजे. आपल्या मराठीत ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर विसाव्या शतकाच्या आरंभी क्रमशः छापले ते ‘केरळकोकिळा’ने. कोचीनसारख्या दूरच्या गावी राहून कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी हे मासिक १८८६ पासून चालविले. महाराष्ट्रापासून दूर असूनही मराठी वाचकाशी त्यांचे नाते जडलेले होते. ज्या संस्थेच्या यादीत एकही अद्भुतकथा नाही, तिला त्या कथेचा वाचक कोठे भेटतो हे ठाऊक असण्याचा संभव थोडा.

जाह यांच्या नशिबी नव्हते ते कायद्याचे कवच आज लेखकाला उपलब्ध आहे. योगायोग असा की आपला प्रताधिकार कायदाही १९५७ सालचाच. त्याच्या एकोणिसाव्या कलमान्वये हक्कांचे हस्तांतर लेखी व स्वाक्षरीनिशी व्हावे लागते. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि कोणत्या मोबदल्यात, हे त्यात नमूद करणे आवश्यक आहे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. शिवाय करारात निराळे काही ठरले नसेल आणि प्रकाशकाने वर्षभरात त्या हक्कांचा उपयोग केला नाही, तर ते हस्तांतर रद्द झाले असे समजले जाते. सरकारी कागदपत्रांतील अल्पविरामही न सोडणाऱ्या आपल्या अधिकारीवर्गाने स्वतःच्या करारनाम्यावर मात्र डोळे मिटून सही करावी, हे नवल नव्हे काय?

मागील पुस्तकाची प्रत मागवावी, त्या संस्थेच्या दोन जुन्या लेखकांस पत्र टाकावे, विक्रीचा हिशेब कधी मिळतो ते विचारावे आणि करारनामा ओळीओळीने वाचावा. एवढ्या चौकशीने जो प्रकाशक रागावेल, त्याच्याकडे हस्तलिखित न पाठविलेलेच बरे. आणि जो शांतपणे उत्तरे देईल, तो कितीही लहान असला तरी त्याच्या हाती आपली पोथी निःशंक द्यावी.