‘फोटोग्राफावरून’ छापलेलीं चित्रें व त्यांचें प्रामाण्य

एकोणिसाव्या शतकांतील सचित्र नियतकालिकांचे अंक संग्राहकांच्या हातीं वारंवार येतात. त्यांतील कित्येक चित्रांखालीं ‘फोटोग्राफावरून’ एवढाच निर्देश असतो, व त्यावर विसंबून तें चित्र प्रत्यक्ष छायाचित्रच होय असें गृहीत धरलें जातें. आमच्या मतें अशीं चित्रें अस्सल नसून नकलेच्या कोटींत पडतात. त्याचीं कारणें येथें मांडतों.

दागेरची छायाचित्रणाची कृति १८३९ सालीं जाहीर झाली. लंडनचें ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ १८४२ सालीं व पॅरिसचें ‘लिल्युस्त्रासियों’ १८४३ सालीं निघालें. तथापि छायाचित्र खिळ्यांबरोबर छापण्याची सोय त्या वेळीं नव्हती. छायाचित्रांतील छटा सलग असतात. उठावाच्या ठशास मात्र शाई एक तर लागते किंवा लागत नाहीं. म्हणून चित्रकार छायाचित्र पाहून बॉक्सवुडच्या ठोकळ्यावर रेखाटन करी व कारागीर तें कोरी. मोठा ठोकळा अनेक तुकडे जोडून केलेला असे. घाईच्या प्रसंगीं ते तुकडे निरनिराळ्या कारागिरांत वांटले जात.

याचें एक सुप्रसिद्ध उदाहरण पाहूं. जून १८४८ च्या पॅरिसमधील उठावांत तिबो नामक छायाचित्रकारानें सेंत-मॉर रस्त्यावरील अडथळ्यांचीं दोन चित्रें घेतलीं, एक ता. २५ रोजीं, हल्ल्यापूर्वीं, व दुसरें ता. २६ रोजीं, जनरल लामोरिसियेरच्या सैन्यानें हल्ला केल्यानंतर. जुलैच्या आरंभीं तीं ‘लिल्युस्त्रासियों’मध्यें आलीं, परंतु लांकडी ठशांच्या रूपानें. वाचकांनीं पाहिल्या त्या कारागिराच्या रेघा. सुदैवानें मूळ पत्रे पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहेत, त्यामुळें नक्कल अस्सलाशीं ताडून पाहतां येते. जेथें अस्सल नष्ट झालें आहे तेथें हा उपाय नाहीं.

आणि तेथेंच खरा धोका आहे. त्या काळीं कांचेसमोर दृश्य बराच वेळ स्थिर असावें लागे. हालणारीं माणसें अस्पष्ट उमटत किंवा मुळींच उमटत नसत. तेव्हां अशा चित्रांत धांवता जमाव वा उधळलेले घोडे दिसल्यास ते रेखाटणाराच्या पदरचे असण्याचा संभव मोठा. लेखांतील प्रक्षेपासारखाच हा प्रकार होय.

ता. ४ मार्च १८८० रोजीं न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’नें शँटीटाउन वस्तीचें दृश्य, मध्यें रेखाटणारा न घालतां, छटांसह छापलें, तें काम स्टीफन हॉर्गन याचें. १८८२ सालीं जर्मनींत मायसेनबाख यानें आपल्या हाफटोन कृतीचें पेटंट घेतलें. रेघांच्या जाळींतून छटांचीं लहानमोठीं टिंबें करणें, हें या कृतीचें मर्म होय. पुण्याच्या चित्रशाळेचें ‘चित्रमय जगत्’ १९१० सालीं निघालें, तें या पुढील युगांतलें.

सबब संग्राहकांनीं प्रथम भिंग लावावें. कोरीव रेघा दिसल्या तर ती हातची नक्कल समजावी. सारख्या अंतरावरचीं टिंबें दिसलीं तर छपाई यांत्रिक होय. मात्र कॅमेऱ्यापुढें खरें दृश्य होतें, रंगविलेलें चित्र होतें कीं कुंचल्यानें दुरुस्त केलेलें छायाचित्र होतें, हें टिंबें सांगत नाहींत. त्याकरितां त्याच अंकांतील मजकूर पाहावा लागतो. म्हणून चित्र कापून घेऊन अंक टाकून देण्याची चाल सोडावी, अशी आमची विनंति आहे. तारीख, तळटीप व भोंवतालचा मजकूर गेला म्हणजे चित्र उरतें, पुरावा उरत नाहीं.