व्हॅक्सिन

व्हॅक्सिन : रोगप्रतिबंधासाठी शरीरात टोचतात किंवा तोंडाने देतात ते द्रव्य, मराठीत लस. लॅटिनमध्ये ‘वाक्का’ म्हणजे गाय आणि ‘वाक्किनुस’ म्हणजे गायीचा. एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टराने १७९८ च्या आपल्या पुस्तकात गायींच्या सडांवर येणाऱ्या फोडांच्या रोगाला ‘व्हॅरिओली व्हॅक्सिनी’, म्हणजे गायीच्या देवी, असे नाव दिले. नाव रोगाचे होते, उपायाचे नव्हते. १४ मे १७९६ रोजी त्याने बर्कली येथे सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला स्राव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचला होता. ‘व्हॅक्सिनेशन’ ही संज्ञा मात्र प्लिमथचा शल्यवैद्य रिचर्ड डनिंग याची, १८०० मधली.

त्याआधी देवीच्याच रोग्याचे द्रव्य निरोगी माणसाला टोचत. त्या जोखमीच्या प्रकाराला ‘इनॉक्युलेशन’ म्हणत. हा शब्द बागेतून आला. लॅटिन ‘ओकुलुस’ म्हणजे डोळा, माणसाचा तसाच झाडाचाही. आपल्याकडे संत्र्याला डोळा भरतात तीच मूळ क्रिया.

१८८१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत लुई पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ ‘व्हॅक्सिन’ हा शब्द सर्वच प्रतिबंधक लसींना लावावा असे सुचवले. त्याच्या स्वतःच्या लसी कोंबड्यांच्या कॉलऱ्यावरच्या आणि अँथ्रॅक्सवरच्या. त्यांत गायीच्या देवींचा अंशही नव्हता. पुढे तर मूळ नावाचाच पाया डळमळला. देवीच्या लसीत जो विषाणू वापरला गेला, तो ‘व्हॅक्सिनिया’, जनुकीयदृष्ट्या गायीच्या देवींपेक्षा घोड्याच्या देवींना अधिक जवळचा निघाला. गायीच्या देवींचे मूळ घोड्यात असावे, असा तर्क खुद्द जेन्नरनेही केला होता.

मराठीने गाय घेतली नाही. फोडातून किंवा जखमेतून झिरपणारा चिकट द्रव तो लस, आणि सुरुवातीला एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात जात होते ते हेच. त्यामुळे इंग्रजी शब्दापेक्षा मराठी शब्द वस्तूला अधिक धरून आहे. बोलीत ‘देवी काढणे’, ‘देवी टोचणे’ हे प्रयोग रूढ झाले. बगदाद-बसऱ्यामार्गे आलेली ही लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला.