शेजाऱ्याचे पीक आणि जादूचा आरोप

ग्रीक व रोमन लोकांचे नाव निघताच तत्त्वज्ञान, शिल्प आणि कायदा यांचे स्मरण होते. परंतु मूठ मारणे, करणी करणे यांसारख्या प्रकारांचे प्रस्थ त्यांच्यातही मोठे होते. शिशाच्या पातळ पत्र्यावर शत्रूचे नाव कोरावयाचे, त्याची गुंडाळी करून कित्येकदा तीत खिळा ठोकावयाचा आणि ती थडग्यात वा विहिरीत टाकावयाची, असा तेथे प्रघात होता. रोमन अमलाखालील ब्रिटनमधील बाथ येथील उष्ण झऱ्यातून असे सुमारे १३० पत्रे निघाले असून त्यांतील बहुतेक चोरास शाप देणारे आहेत. एका गृहस्थाचे दोन हातमोजे चोरीस गेले, तर चोराची बुद्धी व डोळे जावेत असे मागणे त्याने देवीपाशी घातले!

आम्हांस मात्र जादूपेक्षा जादूच्या आरोपाचा इतिहास अधिक बोधप्रद वाटतो. इ. स. पूर्व ४५० च्या सुमारास झालेल्या रोमच्या 'बारा पट्टां'च्या कायद्यात मंत्रबळाने परक्याचे पीक ओढून नेणे हा गुन्हा मानलेला होता. कायद्यानेच अशी गोष्ट खरी मानली म्हणजे मत्सराच्या हाती शस्त्र येते. प्लिनीने सांगितलेली क्रेसिमसची हकिकत याची साक्ष देते. दास्यातून मुक्त झालेला हा मनुष्य लहानशा शेतात शेजाऱ्यांच्या विस्तीर्ण जमिनींहून अधिक पीक काढी. सबब त्याच्यावर हाच आरोप आला. खटल्याच्या दिवशी त्याने रोमच्या भर चौकात आपली भक्कम अवजारे, धष्टपुष्ट बैल आणि निरोगी गडीमाणसे आणून उभी केली व आपले मंत्र ते हेच, असे सांगितले. आपली जागरणे आणि घाम मात्र येथे आणून दाखविता येत नाहीत, अशी पुस्तीही त्याने जोडली. तो एकमताने निर्दोष सुटला.

इ. स. १५८-५९ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील साब्राता येथे अपुलेयस या ग्रंथकारावर असाच प्रसंग गुदरला. त्याने पुदेन्तिला नामक धनिक विधवेशी विवाह केला होता. तिला मंत्राने वश केले, असे तिच्या आप्तांचे म्हणणे. त्याने मासे विकत घेतले, आरसा बाळगला, हे पुरावे! त्याचे बचावाचे भाषण आजही उपलब्ध आहे.

परंतु सर्वांसच असा बचाव साधला नाही. इ. स. ३७१ च्या सुमारास सम्राट वालेन्स याने अँटिऑक येथे जादूच्या संशयावरून अनेकांचा वध करविला. जप्त केलेल्या ग्रंथांच्या राशी जाळण्यात आल्या; त्यांत कायद्याचे व इतर विद्यांचे ग्रंथच बहुत होते. पूर्वेकडील प्रांतांत तर लोकांनी भीतीने आपापले ग्रंथसंग्रह स्वहस्ते अग्नीत टाकले.

क्रेसिमसला न्याय मिळाला, कारण ऐकणाऱ्यांनी त्याची कुदळ पाहण्याचे कष्ट घेतले. अँटिऑक येथे राजाच इतका भ्याला होता की, जाळण्यापूर्वी ग्रंथ उघडून पाहावा, एवढेही कोणास सुचले नाही. दुसऱ्याच्या उत्कर्षाचे वा विद्येचे कारण न कळले म्हणजे ते शोधावयाचे की त्याला जादू म्हणावयाचे, यावरच त्या समाजाची परीक्षा होते, असे आम्हांस वाटते.