हिरव्या तुपाचे माप

दिल्लीतल्या द्वारकेच्या सेक्टर १२ मधली लोहारहेडीची बावली तुम्ही एकेक पायरी उतरत आहात. वर टॉवर आहेत, मेट्रो आहे, पार्किंगवरून जुंपलेली भांडणे आहेत. खाली लोदींच्या काळातला दगड आहे. तळाच्या पायरीवर पाण्याला हात लावून तुम्ही मान वर करता, तर टॉवर नाहीसे झालेले. सोळावे शतक नुकतेच लागले आहे. काठावर बाभळी, पलीकडे शेते, घडे घेऊन आलेल्या बाया. या शिवाराला द्वारका म्हणायला अजून पावणेपाचशे वर्षे आहेत.

बांधाला भांगेची झुडपे आपसूक उगवली आहेत. हा पाला इथे कुणालाच नवा नाही. वैद्यकी शिकलेला कुणी भेटला, तर तो तुम्हाला शार्ङ्गधर या आयुर्वेदाच्या ग्रंथकाराचा दाखला देईल. काही द्रव्ये पचण्याआधीच अंगभर पसरतात, असे शार्ङ्गधर सांगतो आणि उदाहरण देतो ते भांगेचे आणि अफूचे. म्हणून जाणता वैद्य ती आधी शुद्ध करून घेतो, स्वतः तोलतो आणि मगच देतो. तराजू रोग्याच्या हाती जात नाही. एवढे लक्षात ठेवा आणि पुढे चला.

आता तुम्ही गोव्यात आहात, साल १५६३. छापखान्यातून गार्सिया द ओर्ताचे पुस्तक नुकतेच बाहेर पडले आहे. हा पोर्तुगीज वैद्य जवळजवळ तीस वर्षे इथे राहतो आहे, मुंबई बेटाचा खंडही त्याच्याच नावावर आहे. पुस्तकात भांगेवर एक अख्खा संवाद आहे. माझ्या नोकरांनी मला न सांगता ती घेतली, असे तो लिहितो. त्यांना कष्ट जाणवेनासे झाले, मन खुलले, भूक खवळली. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाची गोष्टही त्याच्याकडे आहे. रात्री पोर्तुगालला, ब्राझीलला किंवा तुर्कस्तानला जावेसे वाटले, की सुलतान थोडी भांग खाई. साखर आणि मसाले घालून तिचा पाक केलेला असे, त्याला माजू म्हणत. त्या हकिकतीतला ‘थोडी’ हा शब्द नजरेआड करू नका. सुलतानालाही माप होते.

पुढचा मुक्काम कोलकाता, ६ नोव्हेंबर १८३८. मेडिकल कॉलेज निघून तीन वर्षे झाली आहेत. विल्यम ओशॉनेसी हा आयरिश डॉक्टर संधिवाताच्या तीन रोग्यांना भांगेच्या राळेचा एकेक ग्रेन देतो आहे आणि तुम्ही खाटेशी उभे आहात. दुपारचे दोन. तिघांनाही माप एकच. चार वाजता एकजण बडबडू लागतो, गाणी म्हणतो, जास्तीचे जेवण मागतो. उरलेल्या दोघांत काहीच फरक नाही. सहाला त्या पहिल्याचे डोळे मिटू लागतात. आठला कॉलेजातून डॉक्टरला तातडीची चिठ्ठी जाते. डॉक्टर येतो तेव्हा रोगी बेशुद्ध आहे, श्वास मात्र संथ चालू आहे. डॉक्टर त्याचा हात उचलतो, तर हात जिथे सोडला तिथेच हवेत राहतो. रात्र सरायच्या आत रोग्याला शुद्ध येते. पण घड्याळ तुम्ही पाहिले आहे. दोनला दिलेल्या औषधाने आठला माणूस आडवा केला, तोही इस्पितळातल्या खाटेवर.

याच ओशॉनेसीने शहरातल्या माजूमवाल्याची, म्हणजे त्याच माजूच्या वड्या करणाऱ्याची, कृती लिहून ठेवली आहे, तीही पाहून घ्या. कोळशाच्या शेगडीवर कल्हईचे भांडे. त्यात तूप, पाणी आणि पाला, आणि सतत फिरणारा हात. लोणी कढवताना तुम्ही जसा कान देता तसा तो कारागीरही देतो. कडेला तडतड सुरू झाली, की पाणी आटल्याचे त्याला कळते. मग फडक्यातून पिळून चोथा फेकून देतात. जो गुण होता तो सगळा हिरव्यागार तुपात उतरलेला असतो आणि ते तूप साखरेच्या पाकातून वड्यांत जाते. नवख्याला झिंग आणणारे वजन आणि मुरलेल्याला लागणारे वजन यांत तिपटीचा फरक आहे, हेही तिथेच नोंदले आहे. विकणाऱ्याला आपले गिऱ्हाईक ठाऊक होते.

१८९४. भांग-गांजाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगाने १,१९३ साक्षी घेतल्या आहेत. मुंबई इलाख्यात नगर जिल्ह्यातल्या गांजाच्या शेतीपासून परवानाधारक दुकानापर्यंत सगळे त्याने तपासले, माजूमसुद्धा. बेताने घेणाऱ्यांचे फारसे बिघडत नाही, अतिरेक करणाऱ्यांचे बिघडते. सरसकट बंदी नको, पण परवाना, कर आणि देखरेख हवी, असा त्याचा निष्कर्ष. इथे तराजू अबकारी खात्याच्या हाती आहे.

१४ नोव्हेंबर १९८५. तुम्ही पुन्हा त्याच शिवारात आहात. पप्पनकलांच्या शेतांवर नवी उपनगरी, म्हणजेच पुढची द्वारका, वसवायचे घाटते आहे आणि आजपासून देशात अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला आहे. या कायद्याने चरस आणि गांजा, म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, गुन्ह्याच्या कक्षेत आणले. त्यांचे कुठलेही मिश्रण आणि त्यांपासून केलेले पेयही त्यात आले. शेंड्यांशिवायचा पाला, म्हणजे भांग, राज्यांच्या कायद्यांवर सोडला. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय तिलाही मुभा नाही. तेव्हा गांजा तुपात उतरवला, की तो तूप होत नाही. कायद्याच्या लेखी तो गांजाच राहतो.

आता आजच्या द्वारकेत या. कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये गॅसवर तेच तूप कढते आहे. त्यात काय घडते ते १९६४ पासून नीट कळू लागले. त्या वर्षी इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी झिंग आणणारे द्रव्य, टीएचसी, वेगळे काढले. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात सहज विरघळते. कच्च्या पाल्यात ते बहुतांशी आम्लाच्या रूपात असते, उष्णतेने झिंग आणणारे होते. पोटातून गेले, की यकृत त्याचे आणखी जोरकस रूप करते. परिणाम सुरू व्हायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात आणि मग तो तासन्‌तास टिकतो. त्यामुळेच ‘काही होत नाही’ म्हणून माणूस दुसरी वडी तोंडात टाकतो.

या स्वयंपाकघरात आधीच्या मुक्कामांवरचे कुणीच नाही. वैद्य नाही, गिऱ्हाईक ओळखणारा माजूमवाला नाही, खाटेशी डॉक्टर नाही. पाल्यात जोर किती होता, तुपात उतरला किती, एका चमच्यात आला किती, हे घरच्या कुठल्याच मापाने कळत नाही. आणि तूप ही आपल्या घरातली सर्वांत विश्वासाची वस्तू आहे. फ्रीजमधल्या बरणीतले चमचाभर तूप आजी नातवाच्या वरणभातावर घालते. थिजलेल्या तुपाची हिरवी झाक संध्याकाळच्या दिव्यात तिला दिसेलच असे नाही.

म्हणून सांगते, हे तूप घरी करू नका. दुखणे जुने असेल, झोप येत नसेल, तर नोंदणीकृत वैद्याला किंवा डॉक्टरला विचारा. परवान्याने बनणारी, मात्रा लिहिलेली औषधे त्यासाठी आहेत. होळीला दिल्लीत कुणी ठंडाई किंवा बर्फी पुढे केली, तर आत काय आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि घेतलीच असेल तर गाडीला हात लावू नका. लहान मुलाच्या पोटात गेले असेल किंवा कुणी हाकेला ओ देत नसेल, तर वाट न पाहता ११२ ला फोन करा आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना खरे सांगा. लाजेने लपवलेल्या गोष्टीवर उपचार करता येत नाहीत.