पोलादातील भेगांपासून गर्भाच्या वयापर्यंत

प्रतिध्वनीवरून अंतर काढण्याची उदाहरणे आपण वर्गात सोडवून घेतो. हेच गणित प्रसूतिशास्त्रात कसे पोचले, ते पाहू.

१९५०च्या दशकात पोटातला गर्भ पाहायचा तर क्ष-किरणांचाच आधार होता. त्यात हाडे दिसत. हाडे तयार होण्यापूर्वीचा गर्भ दिसत नसे. त्यातच १९५६ साली ॲलिस स्ट्युअर्ट यांनी गरोदरपणातील क्ष-किरण तपासणी आणि मुलांना होणारा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला.

ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांना युद्धकाळात विमानदलात असताना रडारची ओळख झाली होती. कारखान्यांत धातूतील भेगा श्राव्यातीत ध्वनीने शोधतात. जुलै १९५५ मध्ये डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन रेनफ्रूच्या बॉयलर कारखान्यात गेले. द्रवाने भरलेल्या आणि भरीव गाठींचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले! पुढे अभियंता टॉम ब्राऊन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्यासह त्यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. कर्करोग असाध्य आहे असे सांगितलेल्या एका स्त्रीच्या पोटात या यंत्राने द्रवाची गाठ दाखवली. ती काढली आणि बाई वाचली.

लहान गर्भ मात्र दिसेना, कारण गर्भाशय ओटीपोटात खोल असते आणि आतड्यांतील वायू ध्वनी अडवतो. मूत्राशय भरलेले असले की आतडी बाजूला सरतात आणि द्रवातून ध्वनी सहज जातो. म्हणून तर 'पाणी पिऊन या' असे सांगत.

१९७३ मध्ये ग्लासगोच्याच ह्यू रॉबिन्सन यांनी गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून त्याचे वय काढले. पहिल्या तीन महिन्यांत सर्व गर्भ जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात. त्यामुळे चूक थोड्याच दिवसांची राहते. नंतर वाढीत फरक पडतो. पाळीची तारीख आठवत नसलेल्या स्त्रीसाठी हे मोलाचे आहे. वयच ठाऊक नसेल, तर बाळ लहान आहे की खुरटले आहे, हे कसे ठरवणार?

आपल्याकडे याच चित्राचा उपयोग मुलगी ओळखून गर्भपात करण्यासाठीही झाला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. देशाचा कायदा १९९४चा, तो २००३ मध्ये अधिक कडक झाला. प्रतिध्वनीचे उदाहरण फळ्यावर सोडवताना हा इतिहासही मुलांना सांगायला हवा.