वाफ्यातली भाजी कोणाची?

मागच्या हिवाळ्यात मी मुरब्याला घरी बसून प्रबंधाचं एक प्रकरण लिहीत होते. लिहीत होते म्हणजे, बऱ्याचदा लिहीत नव्हते. त्याच दिवसांत घरामागे भाजीचे चार वाफे केले. तुमच्यापैकी ज्यांनी प्रकरण लिहायला घेतलंय त्यांना कळेल, अशा वेळी माणसाला कुदळ फार जवळची वाटते.

मुरबे किनाऱ्यावरचं गाव. खाडीपलीकडे सातपाटी. जमीन रेताड, वारा खारा. मी पुस्तकात वाचून उंच गादीवाफे केले होते. शेजारच्या आजींनी ते बघितले आणि म्हणाल्या, "अगं, रेतीत पाणी थांबतं का? वाफा खोलगट कर." मग वाफे खोल केले, वाऱ्याच्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचा आडोसा केला. मासळी धुतलेलं पाणी झाडांच्या बुंध्याशी जायला लागलं. लाल माठ महिन्याभरात काढणीला आला. वालपापडी, मिरची, वांगी मागून आली.

जवळच्या शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत डोकावायला लागली. मी त्यांना आत बोलावलं. पाणी घाला, तण काढा, बघा बी कसं रुजतं. मला फार बरं वाटत होतं. आपण आपली बाग मुलांशी वाटून घेतोय असं मी फोनवर मैत्रिणींना सांगत होते.

एक दिवस सकाळी पाहते तर वेलावरच्या काढणीला आलेल्या सगळ्या शेंगा गायब. मी चिडले. दुपारी मुलांना विचारलं तर सहावीतली एक मुलगी जराही न घाबरता म्हणाली, "ताई, पाणी आम्ही घातलं ना? मग आमची पण आहे ना ती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी 'वाटून घेतोय' म्हणत होते, पण वाटलं काय होतं? काम. भाजी माझ्याच स्वयंपाकघरात जात होती.

आजची पोस्ट या प्रश्नाबद्दल आहे. शाळा आणि भाजीचा वाफा यांचं नातं आपल्याकडे किमान सव्वाशे-दीडशे वर्षं चर्चेत आहे. त्या इतिहासाकडे बघताना 'बाग कधी सुरू झाली' यापेक्षा 'वाफ्यातली भाजी कोणाची' हा प्रश्न जास्त कामाचा ठरतो, असं मला वाटतं. का, ते सांगते.

आधी शब्दांची अडचण

तुम्ही अभिलेखागारात जाऊन 'शाळेतली परसबाग' शोधायला लागलात तर हाती फारसं काही लागणार नाही. आज सरकारी कागदांत परसबाग हा शब्द सर्रास दिसतो. २०१९ साली केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने शाळांमधल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि महाराष्ट्रात हा उपक्रम परसबाग म्हणूनच ओळखला जातो. पण आधीच्या काळात हीच गोष्ट वेगवेगळ्या नावांखाली दडलेली आहे: शेतीचं प्राथमिक ज्ञान, मूलोद्योग, कोठारी आयोगानंतर (१९६४–६६) कार्यानुभव, आणि १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीनंतर समाजोपयोगी उत्पादक कार्य.

ही नुसती नावं नाहीत. प्रत्येक नावामागे भाजी कोणाची याचं वेगळं उत्तर आहे. म्हणून आजचा शब्द घेऊन भूतकाळात शोधायला जाऊ नका. त्या त्या काळाचा शब्द आधी गोळा करा.

तीन उत्तरं

पहिलं उत्तर जोतीराव फुल्यांचं. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी आहे: मोडी आणि बालबोध लेखन-वाचन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, आरोग्याचे धडे, आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. शेतीच्या धड्यांना जोडून लहानसं नमुनेदार शेत असावं, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष करून शिकता येईल, असंही ते सुचवतात. हे वाक्य सुटं काढलं तर फुले म्हणजे 'शालेय बागेचे आद्य पुरस्कर्ते' असं लिहून मोकळं होता येतं. तसं करू नका. त्याच निवेदनाचा मुख्य मुद्दा असा आहे की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. म्हणजे नमुनेदार शेताची सूचना 'कष्ट कोणाचे आणि फळ कोणाला' या तक्रारीच्या आत बसलेली आहे. ती तिथून उचलली की तिचा अर्थच बदलतो.

दुसरं उत्तर वर्ध्याचं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद झाली आणि त्यातून डॉ. झाकीर हुसेन समिती नेमली गेली. या समितीने मूलोद्योग म्हणून सूतकताई-विणकाम, सुतारकाम, शेती यांच्याबरोबर फळं आणि भाजीपाल्याची बागही सुचवली. गांधीजींची अपेक्षा अशी होती की मुलांच्या कामातून होणाऱ्या उत्पन्नावर शाळेचा चालू खर्च, निदान शिक्षकाचा पगार, निघावा. म्हणजे इथे भाजी शाळेची. प्राध्यापक के. टी. शाह यांनी परिषदेतच या स्वावलंबनाच्या कल्पनेवर आक्षेप घेतला. आणि गंमत म्हणजे झाकीर हुसेन समितीच्या अहवालातही इशारा आहे: उत्पन्नाच्या मागे लागून शिक्षणाचा हेतू मागे पडू शकतो. योजना मांडणाऱ्यांनाच तिची भीती वाटत होती. असे इशारे अहवालात शोधायची सवय लावून घ्या. लेखक जिथे स्वतःच अडखळतो तिथे बहुधा खरा वाद दडलेला असतो.

तिसरं उत्तर माझ्या घरापासून फार लांब नाही. डहाणूच्या पुढे घोलवड स्टेशनला उतरलं की बोर्डी. १९४५ साली ताराबाई मोडकांनी तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर मॉन्टेसोरी पद्धतीवर काम केलेलं होतं. पण मॉन्टेसोरीची साधनं महाग. बोर्डीत त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या आल्या.

त्यापेक्षा मोठा बदल दिशेचा होता. मुलं शाळेत येत नाहीत, तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात न्यायची, ती अंगणवाडी. मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शिक्षकाने त्यांच्याबरोबर कुरणात जायचं, ती कुरणशाळा. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज तो सरकारी वाटतो, पण त्याचा जन्म आमच्या किनाऱ्यावरचा आहे.

'वाडी' या शब्दाकडेही बघा. आमच्याकडे वाडी म्हणजे नारळ, केळी, भाजी यांची बाग. वाडवळ समाजाचं नावही या वाडीवरूनच आलं असं मानतात. बालवाडी, अंगणवाडी, कोसबाडची विकासवाडी, सगळीकडे ही वाडी आहे. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८४० साली लहान मुलांच्या शाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. त्यांच्या कल्पनेत ती खरोखरची बाग होती: प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा, आणि सगळ्यांचा मिळून एक सामाईक भाग. नाव जगभर गेलं, वाफे बऱ्याच ठिकाणी मागेच राहिले.

१९४५ हे साल पुन्हा वाचा

इथे थांबून एक गोष्ट करायची. एखादं साल सापडलं की त्याच साली, त्याच भागात आणखी काय चाललं होतं ते बघायचं. बोर्डीचं केंद्र सुरू झालं त्याच १९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या त्याच उत्तर भागात, डहाणू-उंबरगावकडे, वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. किसान सभा, शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यात होते. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक तुम्ही वाचलं नसेल तर प्रबंधाचा विषय काहीही असो, वाचा. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे 'लग्नगडी', जमीनदाराच्या शेतात आणि वाडीत फुकट करावं लागणारं काम, हे सगळं त्या मुलांच्या आईबापांचं रोजचं जगणं होतं.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. जिथे आईबाप दुसऱ्याच्या वाडीत फुकट राबलेले आहेत, तिथे मुलांना 'चला, शाळेच्या बागेत तण काढा' असं सांगणं ही साधी गोष्ट राहत नाही. हेतू कितीही चांगला असो. म्हणून कुरणशाळेची उलटी दिशा मला महत्त्वाची वाटते. तिथे शाळेने मुलाकडून काम मागितलं नाही. मूल जे काम आधीच करत होतं, तिथे शाळा गेली. हा अर्थ मी लावलेला आहे, ताराबाईंनी या शब्दांत तो मांडला आहे असा माझा दावा नाही. प्रबंधात हा फरक दर वेळी स्पष्ट लिहायचा. मार्गदर्शक नेमकं इथेच बोट ठेवतात.

पुरावा कुठे शोधायचा

धोरणाचे कागद सहज मिळतात. भाजी कोणाच्या घरी गेली हे त्यांत नसतं. त्यासाठी शाळेतल्या तीन वह्या बघा. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये कुदळ, घमेलं, झारी आहे का? किर्दीत भाजी विकल्याची रक्कम जमा आहे का? शेरेबुकात तपासणीला आलेल्या साहेबांनी बागेबद्दल काय लिहिलं? तीनही ठिकाणी काहीच नसेल तर बाग बहुधा फक्त अहवालात होती.

मग माणसांकडे जा. मुलाखतीत 'शाळेत बाग होती का?' असं विचारलंत तर 'हो, छान होती' एवढंच उत्तर येतं. मीही सुरुवातीला हेच करत होते. नंतर प्रश्न बदलले. पाणी कुठून आणायचात? विहिरीवर कोण जायचं? काढलेली भाजी कुठे जायची? आणि गोष्टी बाहेर यायला लागल्या. एका आजोबांनी हसत सांगितलं की भेंडी सरळ मास्तरांच्या घरी जायची. दुसरे बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, विहिरीवर कोणी जायचं आणि कोणी नाही हे ठरलेलं असायचं. एका आठवणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. पण पुढच्या दहा मुलाखतींत काय विचारायचं हे त्या एका आठवणीने ठरवलं.

आजच्या धोरणांनाही हेच प्रश्न लावून बघा. २०१९ च्या सूचनांमध्ये निदान एक उत्तर स्पष्ट आहे: बागेतली भाजी मुलांच्या माध्यान्ह भोजनात जावी. भाजी मुलांची. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावं असं म्हटलंय. माळी तिथे शिक्षक आहे. आमच्या शेजारच्या आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग पगार देणार का?" फुल्यांच्या निवेदनातला प्रश्न पुन्हा समोर आला होता.

घरच्या वाफ्यांचं काय झालं

त्या मुलीशी वाद घालायचा नाही असं मी ठरवलं. चारपैकी दोन वाफे मुलांना दिले. काय लावायचं ते त्यांनी ठरवायचं, निघेल ते त्यांचं. त्यांनी एका वाफ्यात मुळा लावला. दुसऱ्यात झेंडू, कारण झेंडू विकता येतो. मला झेंडू नको होता. मी गप्प बसले. आजी मात्र गप्प बसल्या नाहीत, झेंडूची रोपं किती अंतरावर लावायची ते मुलांना दाखवून गेल्या.

माझ्या प्रकरणाचं नाव आधी 'शालेय परसबागांचा विकास: एक ऐतिहासिक आढावा' असं होतं. ते बदललं. नवं नाव या पोस्टच्या डोक्यावर आहे.

तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल तर एक छोटं काम करा. आपल्या गावातल्या सर्वात जुन्या शाळेत जा आणि डेडस्टॉक रजिस्टर बघायची परवानगी मागा. झारी सापडली तर ती कोणी उचलायची, हे सांगणारं माणूस गावात अजून असेल. त्याच्याकडे लवकर जा.