मॅक्रो रेकॉर्डिंग (एक्सेल)

मॅक्रो रेकॉर्डिंग : माउस आणि कळफलकाने दिलेल्या आज्ञा क्रमाने टिपून घेऊन त्या पुन्हा हव्या तेव्हा एका झटक्यात चालवण्याची सोय. अनेक सॉफ्टवेअरांत ती आढळते. येथे मायक्रोसॉफ्ट एक्सेलमधील रेकॉर्डरचा विचार केला आहे.

लोटस १-२-३ (१९८३) या जुन्या स्प्रेडशीटमध्ये मॅक्रो म्हणजे दाबायच्या कळांची यादी असे. ती सेलमध्ये टाइप करून ठेवत आणि ‘एंटर’साठी ~ हे चिन्ह वापरत. एक्सेलचा रेकॉर्डर कळा टिपत नाही, त्यांतून घडलेली कृती टिपतो. अक्षरे बटणाने ठळक केली काय किंवा कंट्रोल-बी दाबून केली काय, ओळ तीच उतरते. मध्येच उठून चहा पिऊन आले तरी त्याची नोंद होत नाही. टेपरेकॉर्डरपेक्षा हे काम सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाच्या जवळचे. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीपासून हे इतिवृत्त व्हीबीए या भाषेत लिहिले जाते.

‘व्ह्यू’ टॅबवरील ‘मॅक्रोज’मधून रेकॉर्डिंग सुरू होते. मॅक्रोचे नाव, शॉर्टकट आणि साठवण्याची जागा विचारली जाते. नावात मोकळी जागा चालत नाही. ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’ निवडल्यास मॅक्रो एका लपवलेल्या फाइलमध्ये जातो. ती फाइल एक्सेलबरोबर दरवेळी उघडत असल्याने तो त्या संगणकावरील प्रत्येक वर्कबुकला लागू करता येतो. चालू वर्कबुकमध्येच ठेवायचा तर २००७ पासून फाइल एक्सएलएसएमसारख्या प्रकारात सेव्ह करावी लागते. नेहमीच्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो टिकत नाही.

नवशिक्याची गाडी अडते ती सेलच्या पत्त्यापाशी. रेकॉर्डर मुळात पक्का पत्ता लिहितो. बी५ वर क्लिक केले की मॅक्रो जन्मभर बी५ वरच जाणार. ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ चालू केल्यास ‘आहोत तिथून एक ओळ खाली’ अशी नोंद होते. पगारपत्रकाच्या २०० ओळी निवडून, क्रम लावून रेकॉर्ड केलेला मॅक्रो पुढच्या महिन्यातल्या २६० ओळींवर चालवला, तर शेवटच्या ६० ओळी जागच्या हलत नाहीत. मॅक्रो कुरकुरही करत नाही, हे अधिक वाईट. हात कुठे गेला हे रेकॉर्डरला कळते, तिथेच का गेला हे कळत नाही. ‘अमुक असेल तर तमुक कर’ ही अट किंवा ‘यादी संपेपर्यंत चालू ठेव’ हे चक्र तो लिहू शकत नाही; ते हाताने घालावे लागते. उलट नको ते मात्र भरपूर लिहितो: पान वर-खाली सरकवल्याच्या ओळी, किंवा छपाईचा एक समास बदलला तरी पानाच्या सगळ्या सेटिंग्जची जंत्री. तरीही एखाद्या कृतीला व्हीबीएत काय म्हणतात हे शोधायला रेकॉर्डरइतका हाताशी असलेला शिक्षक नाही.

मॅक्रो बदल करून गेला की ‘अनडू’ची आधीची साखळी पुसली जाते, म्हणून आधी प्रत काढून ठेवलेली बरी. मॅक्रो हा प्रोग्रामच असल्याने त्यातून विषाणूही पसरतात. मार्च १९९९ मध्ये मेलिसा हा वर्डचा मॅक्रो ईमेलच्या पत्तेयादीतल्या पहिल्या ५० जणांकडे स्वतःला पाठवत असे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये मुळातच रोखायला सुरुवात केली.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक अडचण येते. व्हीबीएचा संपादक युनिकोड (सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) पाळत नाही. रेकॉर्डिंग चालू असताना सेलमध्ये ‘एकूण’ लिहिले तर सेलमध्ये ते नीट दिसते, पण मॅक्रोत सहसा प्रश्नचिन्हे उतरतात आणि पुढच्या वेळी सेलमध्येही तीच येतात. अक्षरांचे क्रमांक देऊन, उदाहरणार्थ ‘म’साठी २३५०, शब्द जुळवता येतो. त्याहून सोपे म्हणजे असे शब्द एका बाजूच्या शीटवर आधीच लिहून ठेवायचे आणि रेकॉर्डिंगमध्ये ते तिथून कॉपी करायचे.